शर्यत जिंकली, दार उघडेना

मागच्या भागात आम्ही सांगून ठेवलं होतं की या वेळी एका घोडेस्वाराची गोष्ट ऐकवू. तेव्हापासून दोघीतिघींनी आम्हाला वाटेत अडवून विचारलं, "काय गं, आता बायकांना रेस शिकवणार का?" नाही बाई. रेसच्या नादानं धुळीला मिळालेली घरं आम्हीही ऐकून आहोत. त्या जुगाराची बाजू घ्यायला आम्ही माइकसमोर बसलेलो नाही. पण घोड्यावर पैसे लावणारा वेगळा आणि घोड्यावर बसणारा वेगळा. आजची गोष्ट बसणाऱ्याची आहे. त्याचं नाव जिमी विंकफिल्ड. अमेरिकेतला काळा माणूस, जन्म १८८२ सालचा.

अमेरिकेत केंटकी नावाचं राज्य आहे. तिथलं गवत चांगलं, म्हणून घोडे चांगले. रेसचे घोडे म्हणजे थरोब्रेड. इंग्लंडमध्ये पूर्वेकडून नेलेल्या तीन घोड्यांपासून हा वंश वाढवला, आणि आजही जन्मलेल्या प्रत्येक शिंगराची वंशावळ वहीत लिहिलेली असते. घोड्याच्या पणजोबाचं नाव लिहून ठेवणाऱ्या त्याच केंटकीत, त्या घोड्याला खरारा करणाऱ्या गुलामाच्या बापाचं नाव कुणी लिहून ठेवत नव्हतं. हे आम्हाला वाचताना फार लागलं.

गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली. तोवर मोठ्या जमीनदारांच्या पागांमधलं सगळं काम काळ्या माणसांकडे होतं. लीद काढायची, चंदी घालायची, रात्री आजारी घोड्याजवळ जागायचं, सकाळी फेरी मारून आणायची. आणि मालकांच्या शर्यती लागल्या की त्यांच्याच घोड्यावर बसून जीव धोक्यात घालायचा, तोही यांनीच. ते हलकं काम समजलं जायचं. पण पिढ्यान्‌पिढ्या हे करता करता घोड्याची जी समज लागते ती त्यांच्याकडेच साठत गेली. १८७५ साली लुइव्हिल शहरात पहिली केंटकी डर्बी झाली, तेव्हा १५ जॉकींपैकी १३ काळे होते. जिंकला तो ऑलिव्हर लुइस, काळा. जिंकलेल्या घोड्याला तयार करणारा ट्रेनर अँसेल विल्यमसन, तोही काळा, आणि जन्मानं गुलाम. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ काळ्या जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फी नावाच्या जॉकीनं तर तीन जिंकल्या.

या सगळ्यात आमचा जिमी जन्मला. वडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसत. सतरा भावंडांतलं हे शेंडेफळ. (सतरा बाळंतपणं! आम्ही हे वाचलं तेव्हा गटातल्या एका मावशींनी नुसतं "अगं आई" म्हटलं आणि बराच वेळ गप्प बसल्या.) लेक्सिंग्टन गावाच्या आसपास पागाच पागा, तेव्हा पोरगं घोड्यांत रमलं यात नवल नाही. उंची जेमतेम पाच फूट, वजन पन्नास किलोच्या आत. जॉकीला हेच लागतं. मोतद्दार म्हणून लागला, मग सकाळच्या फेऱ्यांना घोडे नेऊ लागला.

पहिली खरी शर्यत मिळाली १८९८ साली, शिकागोत. वय सोळा. पोरानं काय करावं? सुटल्या सुटल्या आतल्या कठड्याकडे घोडा दामटला, दुसऱ्या घोड्यांना आडवा गेला, आणि चार घोडे एकमेकांवर आदळले. वर्षभर बंदी. एखादा तिथेच संपला असता. हा परत आला, आणि आता घाई न करता वाट बघायला शिकून आला.

१९०१ साली, एकोणीस वर्षांचा असताना, 'हिज एमिनन्स' या घोड्यावर त्यानं केंटकी डर्बी जिंकली. पण खरी मौज १९०२ सालची. ती सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. मेजर मॅकडॉवेल नावाच्या मालकाचे दोन घोडे डर्बीत उतरणार होते. एक 'अ‍ॅलन-ए-डेल', दुसरा 'द रायव्हल'. नॅश टर्नर हा नावाजलेला गोरा जॉकी, त्यानं आधी हवा तो घोडा निवडायचा आणि उरलेला जिमीनं घ्यायचा, असं ठरलं. सकाळच्या सरावाला दोन्ही घोड्यांवर जिमीच बसत असे. त्याला कळून चुकलं होतं की अ‍ॅलन-ए-डेल अधिक वेगवान आहे, फक्त त्याचे पाय नाजूक आहेत. मग त्यानं काय केलं, रोज सरावात त्याचा लगाम जरासा आवळून धरला. बघणाऱ्याला वाटावं, हा घोडा बेताचाच. टर्नरनं 'द रायव्हल' उचलला. आपल्याकडे पोत्यावर बसून बी निवडणारी एखादी आजी चांगलं बी हळूच मागे सारते ना, तसंच हे.

शर्यतीत घोडे चारच होते. जिमी पुढे निघाला, पण अखेरच्या टप्प्यात घोड्याचा पाय दुखावला. मैदानाची कड त्याला पक्की ठाऊक होती, कुठे वाळू खोल आहे आणि कुठे जमीन घट्ट. मागून येणाऱ्यांना त्यानं अशी वाट दिली की ते खोल वाळूतून धावले आणि त्याचा लंगडता घोडा घट्ट जमिनीवरून. नाकाएवढ्या फरकानं जिंकला. लागोपाठ दोन डर्बी! त्याच्याआधी हे फक्त आयझॅक मर्फीला जमलं होतं. त्याच्यानंतर आजवर एकाही काळ्या जॉकीनं केंटकी डर्बी जिंकलेली नाही. १९०३ साली तिसरी हातातोंडाशी आली होती. 'अर्ली' नावाच्या घोड्यावर तो सगळ्यांचा आवडता होता, पण त्यानं जोर जरा लवकर लावला आणि दुसरा आला.

त्यानंतर डर्बीच्या यादीत काळ्या जॉकींची नावं विरळ होत होत नाहीशी झाली. असं का झालं असेल? घोड्याची समज काही आटली नाही. त्या कामात पैसा आला. मोठ्या शर्यतींची बक्षिसं वाढली, जॉकींची नावं वर्तमानपत्रांत छापून येऊ लागली, आणि जे काम काल हलकं होतं ते आज गोऱ्यांना हवंसं झालं. मैत्रिणींनो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. घरी भाकरी थापायची ती बाईनं, आणि त्याच भाकरीला हॉटेलात पगार लागला की आचारी पुरुष. तेव्हा काय व्हायचं, तर भर शर्यतीत गोरे जॉकी एकी करून काळ्या जॉकीला घेरायचे, कठड्यावर दाबायचे, चाबूक घोड्याऐवजी माणसावर ओढायचे. घोडा पडला तर नुकसान मालकाचं. मग मालकच म्हणू लागले, काळा जॉकी नको, घोडा धोक्यात येतो. मारणारे राहिले बाजूला, काम गेलं मार खाणाऱ्याचं.

जिमीकडून एक चूकही झाली, ती आम्ही लपवत नाही. १९०३ मध्ये जॉन मॅडन या वजनदार मालकाचा घोडा चालवायचा शब्द दिलेला असताना, जास्त पैसे मिळतात म्हणून तो ऐन वेळी दुसऱ्याच्या घोड्यावर बसला. मॅडन खवळला. त्याचा शब्द रेसच्या दुनियेत चालत असे, आणि जिमीला कामं मिळेनाशी झाली. शब्द मोडणं वाईटच. पण अशी चूक गोऱ्या जॉकीनं केली असती तर तो एखादा हंगाम घरी बसला असता. जिमीला देश सोडावा लागला.

१९०४ साली तो गेला तो थेट झारच्या रशियात. तिथे सरदार-दरकदारांना रेसचं वेड होतं आणि चांगले जॉकी कमी. वॉर्सा तेव्हा झारच्याच अमलाखाली होतं. तिथे आणि मॉस्कोत त्यानं मोठमोठ्या शर्यती मारल्या. १९०९ साली जर्मनीत बाडेनची मानाची शर्यतही जिंकली. मॉस्कोच्या नॅशनल हॉटेलात त्याचा मुक्काम, दिमतीला नोकर. केंटकीत वाट्यानं जमीन कसणाऱ्याचं शेंडेफळ! त्याचे संसार मात्र एकाहून अधिक झाले. त्या बायकांच्या बाजूनं कुणी फारसं लिहिलेलं नाही, आणि ही खंत आमच्या मनात राहिली.

१९१७ ला क्रांती झाली. मॉस्कोतल्या शर्यती बंद पडल्या आणि रेसवाली मंडळी घोडे घेऊन काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरात आली. १९१९ च्या एप्रिलमध्ये लाल सैन्य तिथेही पोचलं. रेसचे घोडे म्हणजे श्रीमंतांची खेळणी, तेव्हा घोडे वाचणार नव्हते आणि सांभाळणाऱ्यांचीही शाश्वती नव्हती. मग पोलंडचे फ्रेडरिक युर्येविच यांच्या पुढारपणाखाली जॉकी, ट्रेनर, मोतद्दार, त्यांच्या बायका आणि मुलं निघाली. बरोबर दोनशेहून अधिक थरोब्रेड घोडे. रुमानियातून, डोंगर ओलांडत, वॉर्सापर्यंत सुमारे अठराशे किलोमीटर. आम्ही नकाशावर बोट फिरवून पाहिलं. मुंबईहून निघून दिल्लीच्याही पुढे जावं एवढं अंतर, तेही लढाई चाललेल्या मुलखातून. वाटेत अन्न संपलं. तेव्हा ज्यांना हातानं चंदी भरवली त्यांतलेच काही घोडे मारून खावे लागले. हे वाचून आमच्यातली एक म्हणाली, "माझ्यानं नसतं झालं." दुसरी म्हणाली, "पदराला लेकरू असतं तर झालं असतं." आम्ही पुढे काही बोललो नाही. बहुतेक घोडे मात्र वॉर्साला जिवंत पोचले.

तिथून जिमी फ्रान्सला गेला. चाळिशी गाठलेली असताना पुन्हा शर्यती जिंकू लागला. पॅरिसजवळच्या मेझों-लाफित या घोड्यांच्या गावात त्यानं रशियातून परागंदा झालेल्या लिडियाबरोबर घर मांडलं. १९३० साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यानं स्वारी थांबवली. आयुष्यभरात अडीच हजारांहून अधिक शर्यती जिंकल्याचा हिशेब सांगितला जातो. मग स्वतःची पागा काढून तो ट्रेनर झाला. पण १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्सात घुसल्या, पागा गेली, आणि १९४१ साली तो पुन्हा अमेरिकेत आला. दोनदा डर्बी जिंकलेला माणूस, साठीच्या उंबरठ्यावर, रस्त्याच्या कामावर मजुरी करू लागला. नंतर घोड्यांकडे काम मिळालं. १९५३ ला तो फ्रान्सला परतला.

आता शेवटचा प्रसंग. १९६१ चा मे महिना. आता त्याला 'तो' म्हणवत नाही, वय ७९ झालं होतं. एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकानं त्यांची जीवनकहाणी छापली आणि डर्बीच्या आठवड्यात लुइव्हिलच्या ब्राउन हॉटेलात मेजवानी होती, तिचं आमंत्रण त्यांना आलं. ते मुलगी लिलियनला घेऊन गेले. दारावरच्या माणसानं सांगितलं, काळ्यांना पुढच्या दारानं आत येता येणार नाही. आपण पाहुणे आहोत, हे त्यांना आपल्याच गावच्या दारात उभं राहून समजवावं लागलं. बऱ्याच वेळानं आत घेतलं. आत टेबल होतं, जेवण होतं, पण बोलायला कुणी येईना. शेवटी रॉस्को गूस नावाचे एक म्हातारे गृहस्थ त्यांच्याशी बोलायला आले. गोरे, आणि १९१३ चे डर्बीविजेते. मग दोघं म्हातारे घोड्यांच्या गोष्टी बोलत राहिले. लिलियन जन्मली आणि वाढली ती फ्रान्सात. बापाला दारात थांबवलेलं बघताना तिला काय वाटलं असेल, याचा विचार आमच्यातल्या लेकीबाळी असलेल्या सगळ्याच जणींनी केला.

त्या शनिवारी डर्बी झाली. त्यात एकही काळा जॉकी नव्हता. १९२१ नंतर डर्बीत काळा जॉकी पुन्हा दिसायला २००० साल उजाडलं. विंकफिल्ड १९७४ च्या मार्चमध्ये मेझों-लाफितला वारले. अमेरिकेच्या रेसिंगच्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं २००४ साली.

वेळ संपत आली आहे. गोष्ट ऐकून कुणाला काही सांगायचं असेल तर नेहमीप्रमाणे केंद्रावर येऊन भेटा, चहा आहेच.