ब्रेमरहाफेनचा स्फोट, १८७५ : विम्याच्या पैशांसाठी अख्खं जहाज बुडवायचा कट

'गोदीतला स्फोट' म्हटलं की आपल्याला १४ एप्रिल १९४४ चा मुंबईतला फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट आठवतो. तो अपघात होता. त्याच्या जवळपास सत्तर वर्षं आधी जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदरात झालेला स्फोट मात्र एका माणसाने आखलेल्या कटातून झाला. तोही त्याला हवा होता तिथे झालाच नाही.

११ डिसेंबर १८७५. नॉर्थ जर्मन लॉइड कंपनीचं 'मोझेल' हे जहाज साउदॅम्प्टनमार्गे न्यूयॉर्कला निघायच्या तयारीत होतं. जहाजावर अमेरिकेत स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं होती आणि धक्क्यावर त्यांना निरोप द्यायला आलेले नातेवाईक. शेवटचं सामान चढवलं जात असताना एक जड पिंप खाली आदळलं आणि प्रचंड स्फोट झाला. सुमारे ८० माणसं गेली. त्यात हमाल होते, खलाशी होते, प्रवासी होते आणि नुसते हात हलवायला आलेले लोकही होते.

पिंपात डायनामाइट होतं. नोबेलने त्याचं पेटंट घेऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. सोबत घड्याळासारखं चावीचं एक यंत्र होतं. ते काही दिवस गुपचूप चालून ठरलेल्या वेळी जोरात घाव घालणार होतं. आज आपण ज्याला टाइम बॉम्ब म्हणतो, तेच हे. ते बनवलं होतं बर्नबुर्ग गावच्या फुक्स नावाच्या घड्याळजीने. गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं होतं की हे रेशमाच्या कारखान्यासाठी हवंय. कारागिराने चोख काम करून दिलं, एवढाच त्याचा यात हात.

गिऱ्हाईक होता विल्यम किंग थॉमस, ड्रेसडेनमध्ये थाटात राहणारा एक 'अमेरिकन' गृहस्थ. खरं नाव अलेक्झांडर कीथ. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या प्रसिद्ध बिअरवाल्या कीथचा हा पुतण्या. (त्या काकाच्या नावाची बिअर आजही विकली जाते.) अमेरिकन यादवी युद्धात तो दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांसाठी हॅलिफॅक्समधून माल आणि कारस्थानं दोन्ही पुरवायचा. मग त्याच लोकांचे पैसे बुडवून पळाला आणि नाव बदलून राहू लागला. जर्मनीत आल्यावर खर्च चालूच राहिला, पैसा मात्र आटत गेला.

त्याचा हिशेब सरळ होता. फुटकळ मालाचा मोठा विमा उतरवायचा, तो जहाजावर चढवायचा आणि आपण साउदॅम्प्टनला उतरून जायचं. पुढे भर अटलांटिकमध्ये जहाज फुटलं की विम्याचे पैसे आपले. हा हिशेब चालण्यासारखा होता, हेच त्यातलं भयंकर. जहाजांवर तेव्हा बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. एखादं जहाज बेपत्ता झालं तर वादळात बुडालं असेल, असं समजून लोक गप्प बसत. मोझेल समुद्रात फुटलं असतं, तर त्यावरचे शेकडो लोक गेले असते आणि गुन्हा घडला हेसुद्धा कोणाला कळलं नसतं. ते पिंप धक्क्यावर आदळलं म्हणून कट उघड झाला. त्याची किंमत धक्क्यावरच्या माणसांनी मोजली.

स्फोट झाला तेव्हा थॉमस मोझेलवरच होता. आपल्या केबिनमध्ये जाऊन त्याने स्वतःवर गोळी झाडली, पण लगेच मेला नाही. त्या काही दिवसांत पोलिसांना त्याच्याकडून अर्धवट कबुली मिळाली. पूर्वीही कुठली जहाजं त्याने अशीच बुडवली का, यावर मग बरेच तर्क लढवले गेले. १८७० मध्ये हॅलिफॅक्सहून निघून बेपत्ता झालेल्या 'सिटी ऑफ बोस्टन'चंही नाव त्यात आलं, पण सिद्ध काहीच झालं नाही.

मोझेल त्या स्फोटातून वाचलं आणि दुरुस्त होऊन पुन्हा फेऱ्या करू लागलं. १८८२ मध्ये ते इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर खडकांवर आदळून फुटलं. जर्मनीत ही दुर्घटना आजही 'थॉमस दुर्घटना' म्हणूनच ओळखली जाते, म्हणजे गुन्हेगाराच्या खोट्या नावाने.