पाण्यातील अदृश्य कामकरी

१८७७ सालच्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याच साली पॅरिसमध्ये एका नळीत निराळ्याच कामकऱ्यांचा शोध लागला. गिरणीच्या कामकऱ्यांच्या मुलानातवंडांत आमचे आयुष्य गेले. आज या दुसऱ्यांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. निमित्त घरगुतीच आहे. आमच्या वस्तीतील काही तरुणांना काचेच्या पेटीत ॲक्सोलॉटल पाळावयाचा आहे.

हा प्राणी बेडकाच्या गणगोतातला. पण जन्मभर पिलासारखाच, कल्ल्यांची झालर मिरवीत पाण्यात राहतो. मूळ मेक्सिकोचा. १८६४ साली असे ३४ प्राणी पॅरिसला आले. पुढच्याच साली त्यांची काही पिले कल्ले टाकून जमिनीवरच्या रूपात आली, आणि द्युमेरिल हे प्राणिशास्त्रज्ञ थक्क झाले. आज पेट्यांतून त्याची पैदास उदंड आहे. परंतु त्याच्या मायदेशी, सोचिमिल्कोच्या कालव्यांत, १९९८ साली चौरस किलोमीटरमागे सुमारे ६००० असलेली संख्या २०१४ साली ३६ वर आली.

आता त्या नळीकडे वळू. श्लोझिंग आणि म्युंत्स हे दोघे वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू देत. वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर पाण्यातील अमोनिया जाऊन नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम बंद पडले. मातीचे पाणी घालताच काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. निव्वळ रसायन क्लोरोफॉर्मने गुंगत नाही. तेव्हा आत कोणी जिवंत राबत होते, हे उघड झाले. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जंतू वेगळे केले. त्यांच्या दोन पाळ्या असतात: पहिली अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट.

पेटीचेही तेच. गाळणी लावून, प्राणी न आणता, पाण्यात मोजका अमोनिया घालीत चार ते सहा आठवडे थांबावे. घातलेला अमोनिया व त्यापासूनचे नायट्राइट एका दिवसात शून्यावर आले, म्हणजे दोन्ही पाळ्या भरल्या असे समजावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे. गाळणी त्या पाण्याने धुतल्यास कामकरीच मरतात. या जंतूंना ऊब मानवते, ॲक्सोलॉटलला मात्र १६ ते १८ अंश लागतात. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळिशी गाठतो. पाणी थंड करणारे यंत्र परवडत नसेल, तर हा जीव आणू नये. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखाली त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

सांडपाण्याच्या शुद्धीकरणातही हेच जंतू राबतात. त्या विषयाचे संशोधन करणारी संस्था १९५८ पासून आपल्याच नागपुरात आहे. १९७४ पासून ती 'नीरी' म्हणून ओळखली जाते. पाणी आपोआप निवळत नाही, एवढे शास्त्राने दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. शहरही आपोआप स्वच्छ राहत नाही. हाताने मैला काढण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, तरी गटारात उतरून माणसे मरतच आहेत. पेटीतल्या जंतूंसाठी जो सहा आठवडे धीर धरतो, त्याने या माणसांचीही वास्तपुस्त करावी, एवढेच आमचे मागणे आहे.