चाईचा इतिहास आणि डोक्याचा भूगोल

पुण्यातल्या ऑफिसांत बुलढाणा जिल्ह्याचं नाव निघतं ते सहसा दोनच कारणांनी. एक शेगावचे गजानन महाराज, दुसरं लोणारचं सरोवर. जानेवारी २०२५ मध्ये तिसरं कारण मिळालं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात, आणि तीनेक दिवसांत टक्कल! बाया, पुरुष, शाळकरी पोरं, सगळेच. चॅनेलवाल्यांनी लगेच बारसं उरकलं : 'टक्कल व्हायरस'.

माझं गाव सुलतानपूर, तालुका लोणार. जिल्हा तोच, पण शेगाव आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. तरी त्या आठवड्यात ऑफिसात तिघांनी मला विचारलं, "तुझ्या गावचं पाणी का रे?" कारण उघड आहे. २०१९ पासून, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून, माझ्या डोक्यावर चकत्या आहेत. कधी दोन, कधी सहा, मध्यंतरी तर निम्मं डोकं साफ. प्रत्येकाला वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकावं म्हटलं. लेख जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

तर, माझ्या दुखण्याला आपल्याकडे साधा शब्द आहे : चाई. डॉक्टर म्हणतात अलोपेशिया अरेटा. नाण्याएवढी गोल, गुळगुळीत चकती पडते. दुखत नाही, खपली धरत नाही. कडेला काही तुटके केस दिसतात, वर जाड आणि मुळाशी बारीक. डॉक्टर त्यांना चक्क 'उद्गारचिन्ह केस' म्हणतात! केसाची मुळं मेलेली नसतात, नुसती गप्प बसलेली असतात. म्हणूनच केस कधीही परत येऊ शकतात, आणि कधीही पुन्हा जाऊ शकतात. या एका गोष्टीमुळे दोन हजार वर्षांत असंख्य वैद्यांना फुकटचं श्रेय मिळालंय, ते पुढे येईलच.

आमच्या आजीचं निदान मात्र एका वाक्यात झालं होतं. "डोक्याले कीड लागली का रे पोरा?" गावात आजही बऱ्याच लोकांना वाटतं की चाई म्हणजे केस खाणारा किडा. हसू नका, कारण एकोणिसाव्या शतकातलं युरोपही साधारण तेच म्हणत होतं.

आधी आपल्या घरातलं बघू. आयुर्वेदात या रोगाला इंद्रलुप्त म्हणतात. सुश्रुताची मांडणी अशी : वातासह पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडतं, मग कफ आणि रक्त मिळून ती छिद्रं बुजवतात, म्हणून नवा केस उगवत नाही. दोषांची भाषा बाजूला ठेवली तरी निरीक्षण बारीक आहे. केस गळणं आणि नवा न उगवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे त्यात दिसतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात उपाय आहेत ते म्हणजे त्वचेला टोचून रक्त काढायचं आणि वर गुंज, धोत्रा, बिब्बा अशा जहाल गोष्टींचा लेप द्यायचा. थोडक्यात काय, त्या जागेची आग करायची. (घरी करू नका! गुंज विषारी आहे आणि बिब्ब्याने कातडी भाजून निघते.)

तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने याच रोगाचे दोन प्रकार लिहून ठेवले. त्यातल्या एकाचं नाव ओफियासिस, म्हणजे सापासारखा. डोक्याच्या मागून कानांपर्यंत पट्टा जातो तो प्रकार. हा शब्द डॉक्टर आजही केस पेपरवर लिहितात. अलोपेशिया अरेटा हे जोडनाव १७६३ मध्ये सोव्हाज नावाच्या फ्रेंच वैद्याने दिलं. अलोपेशिया हा शब्द ग्रीक भाषेतल्या कोल्ह्यावरून आला, खरजेने केस झडलेल्या कोल्ह्यावरून. म्हणजे निदानाच्या कागदावर आपण अधिकृतपणे झडका कोल्हा असतो :-)

१८४३ मध्ये पॅरिसमध्ये ग्रूबीला सूक्ष्मदर्शकातून केसांवर एक बुरशी दिसली आणि त्याने जाहीर केलं की चकत्यांचं टक्कल तिच्यामुळेच. बुरशी खरी होती, पण ती गजकर्णाची. दोन वेगळे रोग एका नावाखाली गेले, आणि चाई संसर्गजन्य आहे हा समज पक्का झाला. दुसरा गट म्हणत होता की दोष मज्जातंतूंचा आहे. १९०२ च्या सुमारास जाके नावाच्या फ्रेंच डॉक्टरने किडक्या दातांवर बोट ठेवलं. बिचाऱ्या रुग्णांचे केस तर गेले होतेच, वर दातही गेले असणार.

प्रॉडक्शनवर बग आला की आपण काय करतो? शेवटचा बदल कोणी केला ते शोधतो आणि त्याच्या नावाने खडे फोडतो. इथेही तसंच झालं. शिवाय चाईची एक खोड आहे. लहान चकत्या असतील तर बऱ्याच लोकांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात. मग त्या काळात जे चाललं असेल, कांद्याचा रस, लसूण, दात उपटणं, नवस, ते यशस्वी ठरतं. कंट्रोल ग्रुप नसला की सगळीच औषधं लागू पडतात.

खरं उत्तर विसाव्या शतकात हळूहळू जुळत गेलं. चकतीतला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की केसाच्या मुळाभोवती लिम्फोसाइट पेशींचा घोळका दिसतो. पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत त्याला मधमाश्यांच्या मोहोळाची उपमा देतात. म्हणजे हल्ला करणारे बाहेरचे नाहीत, आपलेच सैनिक आहेत. मूळची व्यवस्था अशी की वाढत्या केसाच्या मुळाला रोगप्रतिकारशक्तीपासून सूट असते. आपल्या भाषेत सांगायचं तर तो फोल्डर अँटीव्हायरसच्या स्कॅनमधून वगळलेला असतो. काही कारणाने ही सूट उडते, स्कॅन सुरू होतो आणि मूळ केसालाच व्हायरस समजून त्याला बाहेर काढलं जातं.

हल्ला बहुधा काळ्या केसांवर जास्त होतो, पांढरे केस त्यातून वाचतात. 'एका रात्रीत केस पांढरे झाले' या गोष्टींचं एक स्पष्टीकरण हेच दिलं जातं. पांढरे झाले नाहीत, काळे झडले आणि पांढरे तेवढे उरले.

उपचारांतला पहिला मोठा टप्पा म्हणजे स्टेरॉइड. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि १९५० मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. त्याच दशकात चाईच्या चकतीत थेट स्टेरॉइडची सुई देणं सुरू झालं. ही पद्धत आजही चालू आहे. मी स्वतः दर महिन्याला बारीक सुईचे पंधरा-वीस टोचे खाल्लेत. दोन चकत्यांसाठी उत्तम. निम्मं डोकं गेलं की सुईला जागाच पुरत नाही.

दुसरा टप्पा १९७० च्या दशकातला, आणि तो वाचून मी उडालोच. डोक्यावर मुद्दाम ॲलर्जी आणणारं रसायन लावायचं, आधी डीएनसीबी आणि नंतर डीपीसीपी. सौम्य इसब उठवून सैनिकांचं लक्ष तिकडे वळवायचं. ही ॲलर्जी म्हणजे बिब्बा अंगावर उठतो तोच प्रकार! वाग्भटाला टी-पेशी माहीत नव्हत्या, त्यामुळे 'सगळं आमच्या ग्रंथांत होतंच' असं म्हणायची घाई नको. पण आग करून आग विझवायची युक्ती दोन्हीकडे सापडली, एवढं मात्र खरं.

तिसरा टप्पा आमच्या पिढीचा. १९८० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात अँड्र्यू विल्क्सना काही नवी एन्झाइम्स सापडली. तशी एन्झाइम्स तेव्हा ढिगाने सापडत होती, म्हणून आधी त्यांना गमतीने 'जस्ट अनदर कायनेज' म्हणजे 'आणखी एक कायनेज' असं म्हटलं गेलं. त्यावरून झालं जॅक. पुढे त्याला दोन तोंडांच्या रोमन देवाचं, जॅनसचं, भारदस्त नाव चिकटलं. व्हेरिएबलला घाईत दिलेलं नाव पुढे कसं कायमचं होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

जॅकचं काम म्हणजे पेशीच्या बाहेरचा निरोप आत पोचवणं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँजेला क्रिस्तियानो या संशोधक आहेत. त्यांना स्वतःलाच चाई आहे. २०१० मध्ये त्यांच्या गटाने हजाराहून जास्त रुग्णांचे जनुकीय नमुने तपासले. चाईचे धागे निघाले ते मधुमेहाच्या पहिल्या प्रकाराशी आणि संधिवाताशी. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की चाईतला हल्ल्याचा निरोप जॅकमार्फत जातो, आणि रक्ताच्या एका विकारावरचं जॅक रोखणारं औषध दिल्यावर तीन रुग्णांचे केस काही महिन्यांत परत आले. त्याच वर्षी येल विद्यापीठात ब्रेट किंग यांनी अंगावर जवळजवळ एकही केस नसलेल्या २५ वर्षांच्या तरुणाला संधिवातावरचं टोफासिटिनिब दिलं. आठ महिन्यांत डोकं, भुवया, पापण्या, सगळं परत!

मग मध्ये आला कोरोना. फेब्रुवारी २०२० मध्ये बेनेव्होलंटएआय या ब्रिटिश कंपनीच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने जुनी औषधं चाळली आणि बॅरिसिटिनिबचं नाव पुढे केलं. तेही जॅक रोखणारंच. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, भारतात त्याला तातडीची परवानगी मिळाली आणि मूळ कंपनीने सिप्ला, ल्युपिन, सन फार्मा अशा भारतीय कंपन्यांना ते बनवायचे परवाने दिले. १३ जून २०२२ ला याच गोळीला अमेरिकेत तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. संपूर्ण शरीरावर काम करणारं, खास चाईसाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध. २०२३ मध्ये रिटलेसिटिनिब आलं आणि जुलै २०२४ मध्ये ड्युरुक्सोलिटिनिब. यातलं शेवटचं औषध आता मुंबईच्या सन फार्माचं आहे.

आता आकडे, कारण तुम्ही मागणारच. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत निम्म्याहून जास्त डोकं रिकामं असलेले रुग्ण होते. ३६ आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे ३९ आणि ३६ टक्के लोकांच्या डोक्यावर किमान ८० टक्के केस आले. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ आणि ३ टक्के. फरक खरा आहे. पण दहातल्या सहा जणांचं तेवढं भागलं नाही, हेही त्याच तक्त्यात आहे. आणि गोळी बंद केली की बहुतेकांचे केस पुन्हा जातात. हा वर्कअराउंड आहे, रूट कॉज तसाच आहे. वर डबीवर इशारा : गंभीर संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, कॅन्सर.

मी टोफासिटिनिब घेतो. सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी झाली, कावीळ, कोलेस्टेरॉल, रक्तपेशी सगळं झालं, आणि ठरावीक महिन्यांनी परत होतं. चौथ्या महिन्यात पांढरी लव आली, सातव्यात ती काळी झाली. डॉक्टरांनी डोस अर्धा करून पाहिला तर कानामागची चकती सहा आठवड्यांत हजर.

तर माझ्यापुढचा प्रश्न हा असा आहे. निव्वळ केसांसाठी, जीवाला काही धोका नसताना, किती वर्षं रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवायची? आईचं म्हणणं, "लगन होईपर्यंत घे." मामा म्हणतात मुलीकडच्यांना कशाला सांगायचं, केस तर दिसतायत. मी तिघींना पहिल्याच भेटीत सांगितलं. दोघींकडून नंतर फोन आला नाही. तिसरीने विचारलं, "मुलांना होईल का?" मी खरं ते सांगितलं : धोका थोडा वाढतो, पण होईलच असं नाही. आमचं अजून बोलणं चालू आहे.

आता पुन्हा शेगावकडे. तिथे आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. आयसीएमआरचं पथक आलं. रायगडमध्ये विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःहून तपासायला गेले. त्यांच्या माहितीनुसार १८ गावांतल्या २७९ लोकांना त्रास झाला होता. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, केसांत १५० पट, आणि जस्त कमी. त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. तिथले बहुतेकांचे केस काही आठवड्यांत परत यायला लागले. हा ऑटोइम्यून प्रकार नव्हे, ही विषबाधा. तिथे खाणं बदललं की प्रश्न सुटतो, माझ्याकडे मात्र बदलायला गहूच नाही.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. कारण कळायच्या आधीच त्या गावांशी सोयरीक नको म्हणणारे निघाले, न्हावी हात लावेनात, अशा बातम्या आल्या. ग्रूबीची बुरशी १८४३ ची, पण तिची भीती २०२५ मध्येही जिवंत होती. दोन्ही प्रकार शिवून होत नाहीत, कंगवा वापरून होत नाहीत, शेजारी बसून तर नाहीच नाही.

तुमच्या डोक्यावर उद्या एखादी चकती दिसली तर बिब्बा नको, घाबरणंही नको. त्वचेच्या डॉक्टरकडे जा. एकच असेल तर बहुधा आपोआप भरेल. आणि चकती शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या डोक्यावर दिसली तर सरळ विचारा त्याला. मला तरी लोकांनी विचारलेलं चालतं. लांबून बघत राहतात, त्याचा जास्त त्रास होतो.