ठिपक्यापुढील तीन अक्षरे : संगणकातील फायलींची कुळकथा

वाचकहो, पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, लिहिणाऱ्याचे वळणही सुरेख आहे. तरीसुद्धा त्यातील एखादे पत्र आपल्यासमोर उलगडले, तर आपल्यापैकी बहुतेकांना त्याची एक ओळही लागणार नाही. भाषा आपलीच, मराठीच. पण लिपी मोडी, आणि मोडी वाचणारे आता मोजकेच राहिले आहेत. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात एक करार असतो. अमुक खूण म्हणजे अमुक अक्षर, हा तो करार. तो विसरला की शाबूत कागदही मुका होतो.

संगणकातील फायलींची कथा याच जातीची आहे. आज आपल्या मुलांच्या गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे अर्ज, जन्माचे दाखले, घरातील लग्नकार्याची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांचा आवाज, हे सारे फायलींच्या रूपाने साठविलेले असते. पूर्वी कागद कोणत्या कपाटात आहे एवढे ठाऊक असले की काम भागत असे. आता तो कोणत्या प्रकारची फाईल आहे, हेही ठाऊक असावे लागते. म्हणून या प्रकारांचा जन्म कसा झाला आणि त्यांतील कोणता कशासाठी वापरावा, हे आपण येथे क्रमाने पाहू.

संगणकाला अक्षर, चित्र किंवा सूर यांतले काहीच कळत नाही. त्याला कळतात ते फक्त आकडे. समजा, एखाद्या फायलीत ६५ हा आकडा आहे. ती फाईल मजकुराची असेल तर तो इंग्रजीतील मोठा 'ए' होय. चित्राची असेल तर तो एखाद्या ठिपक्याचा उजेड असू शकेल. आवाजाची असेल तर ध्वनिलहरीची उंची असू शकेल. आकडा तोच, अर्थ मात्र वेगळा. तो कसा वाचावयाचा हे ठरविणारा करार म्हणजेच फायलीचा प्रकार.

या करारांचा आरंभ भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांपासून झाला. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथ यांनी असे पत्ते वापरले. कोणत्या जागी भोक म्हणजे कोणती माहिती, हे आधी ठरविलेले असे. पुढे संगणक आले आणि प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले आकडे दिले. हा गोंधळ मिटावा म्हणून १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची प्रमाण संकेतावली प्रसिद्ध झाली. तिच्यात एकूण १२८ संकेत होते आणि 'ए'चा आकडा होता ६५. पण १९६४ साली आयबीएम कंपनीने आपल्या नव्या यंत्रांसाठी वेगळी संकेतावली घेतली. तिच्यात तोच 'ए' १९३ झाला. एका यंत्राचे लिखाण दुसऱ्या यंत्राला मोडीसारखे दिसू लागले! अखेर आस्कीचा प्रसार अधिक झाला. आजची साधी मजकूर फाईल, म्हणजे 'टीएक्सटी', तिचीच वंशज होय. तिच्यात ठळक अक्षरे नाहीत, रंग नाहीत, तक्ते नाहीत. पण जवळजवळ प्रत्येक यंत्र तिला उघडू शकते. साधेपणामुळे ती दीर्घायुषी ठरली. विद्यार्थ्यांच्या याद्यांसाठी वापरतात ती 'सीएसव्ही' फाईल हीसुद्धा साधा मजकूरच. फक्त रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात.

आता फायलीच्या नावातील ठिपका आणि त्यापुढील अक्षरे यांकडे वळू. १९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी 'सीपीएम' ही कार्यप्रणाली तयार केली. तिच्यात फायलीच्या नावाला आठ अक्षरे आणि ठिपक्यानंतर प्रकार सांगणारी तीन अक्षरे एवढीच जागा होती. १९८१ च्या 'डॉस' प्रणालीने हीच पद्धत उचलली. विंडोजमध्ये १९९५ साली लांब नावांची सोय झाली, तरी तीन अक्षरांची सवय टिकून राहिली. 'जेपीजी' आणि 'जेपीईजी' ही दोन नावे पाहून आपण बुचकळ्यात पडला असाल. वस्तू एकच आहे. तीन अक्षरांत बसावी म्हणून तिचे नाव आखूड झाले इतकेच.

मात्र ठिपक्यापुढील अक्षरे हा केवळ पाकिटावरील मजकूर असतो. खरी ओळख आतल्या मायन्यात असते. बहुतेक फायलींच्या अगदी आरंभी त्या त्या प्रकाराची खूण असते. पीडीएफ फाईल 'पीडीएफ' या अक्षरांनीच सुरू होते, त्यापूर्वी एक टक्क्याचे चिन्ह असते. झिप फाईल 'पीके'ने सुरू होते, कारण १९८९ साली ती पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे. म्हणून विद्यार्थी मित्रहो, अर्जाला पीडीएफ हवी आणि आपल्याजवळ छायाचित्र असेल, तर नुसते नाव बदलून भागत नाही. पाकीट बदलले तरी आतले पत्र बदलत नाही. फाईल योग्य प्रकाराने पुन्हा जतन करावी लागते.

लेखनाच्या फायलींमध्ये 'डॉक' प्रसिद्ध आहे. मायक्रोसॉफ्टचे वर्ड १९८३ साली आले. त्याच्या फायलींची रचना कंपनीची स्वतःची होती आणि ती बरीच वर्षे बाहेरच्यांना नीट उलगडत नसे. आवृत्ती बदलली की रकाने सरकत, अक्षरे विस्कटत. २००७ च्या आवृत्तीपासून 'डॉक्स' हा नवा प्रकार आला. ही फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गाठोडे असून त्यात मजकूर, चित्रे आणि मांडणी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असते. २००८ साली त्याची रचना आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. जो कागद अजून दुरुस्त करावयाचा आहे, त्याच्यासाठी हा प्रकार योग्य. हिशेबासाठी १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' आणि १९८५ साली 'एक्सेल' आले. आजच्या 'एक्सएलएसएक्स' फाईलमध्ये आकड्यांबरोबर बेरजेची सूत्रेही राहतात. शाळेच्या गुणांची बेरीज हाताने लिहून ठेवण्यापेक्षा सूत्राने केलेली बरी, कारण एक गुण बदलला की बेरीज आपोआप बदलते.

चित्रांची कथा अधिक मनोरंजक आहे. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने 'जीआयएफ' हा प्रकार आणला. त्यात एका चित्राला २५६ रंगांची मर्यादा होती. त्यातील संक्षेपाच्या पद्धतीवर दुसऱ्या एका कंपनीचे पेटंट होते आणि १९९४ च्या अखेरीस तिने शुल्काची मागणी पुढे केली. तेव्हा तंत्रज्ञांनी एकत्र येऊन 'पीएनजी' हा सर्वांना मोकळा असलेला प्रकार १९९६ साली सिद्ध केला. त्यात चित्राचा एकही ठिपका गमावत नाही; म्हणून संस्थेचे बोधचिन्ह, आकृत्या, अक्षरे असलेली चित्रे यांसाठी तो उत्तम.

पण छायाचित्रांचा राजा म्हणजे १९९२ चे 'जेपीईजी' प्रमाण, आणि त्याच्या मुळाशी आपल्याच देशातून गेलेल्या एका विद्यार्थ्याची कल्पना आहे. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बेंगळूरमध्ये झाला. तेथेच १९६१ साली ते अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९७२ साली त्यांनी चित्रसंक्षेपाच्या एका गणिती कल्पनेवर काम करण्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अर्थसाहाय्य मागितले. ते नाकारले गेले. एका परीक्षकाला ती कल्पना फारच साधी वाटली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ते थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी तो शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला.

ती कल्पना थोडक्यात अशी. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे लहान चौकोन करावयाचे आणि प्रत्येकातील ठळक बदल व बारीक बदल गणिताने वेगळे काढावयाचे. आपला डोळा ठळक बदल टिपतो, फार बारीक बदलांकडे त्याचे लक्ष जात नाही. ते बारीक बदल कमी तपशिलाने लिहिले की फाईल एकदम हलकी होते. सव्वा कोट ठिपक्यांच्या छायाचित्राला संक्षेपाविना सुमारे ३७ एमबी जागा लागेल. जेपीईजीत तेच चित्र बहुधा चार-पाच एमबीत मावते. आपण मोबाईलवरून नातेवाईकांना फोटो पाठवितो तेव्हा हेच गणित मुकाट्याने काम करीत असते. त्याच घराण्यातील गणित एमपी३ या ध्वनिप्रकारात आणि चलच्चित्रांतही आहे. एमपी३ चे तंत्र जर्मनीत विकसित झाले आणि त्याचे हे नाव १९९५ साली ठरले. ज्या कल्पनेला आरंभी अनुदान मिळाले नाही, ती आज घरोघरी आहे, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी.

जेपीईजीची एक उणीवही जाणून घ्यावी. गेलेला तपशील परत येत नाही. तेच चित्र पुन्हा पुन्हा कापून जतन केले तर दरवेळी थोडे अधिक गमावते. म्हणून मूळ छायाचित्र जसेच्या तसे राखून ठेवावे आणि अर्जासाठी त्याची नक्कल लहान करावी.

दाखले आणि प्रमाणपत्रे यांसाठी मात्र 'पीडीएफ' हाच प्रकार बरा. अडोबी कंपनीचे जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली अशी कल्पना मांडली की, कागद कोणत्याही यंत्रावर पाहिला वा छापला तरी तो तसाच दिसावा. १९९३ साली पीडीएफ बाजारात आली आणि २००८ साली ती आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. तिच्या पोटात लागणारे टंकही बरोबर नेता येतात, त्यामुळे आपला अर्ज दुसऱ्या गावी पोहोचल्यावर विस्कटत नाही.

टंकांचा विषय निघाला म्हणून आपल्या भाषांची व्यथा सांगतो. बरीच वर्षे संगणकावरील मराठी ही वेषांतर केलेली इंग्रजी होती. इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर देवनागरी आकार बसविलेला असे. तो विशिष्ट टंक असला तर मराठी दिसे, नसला तर निरर्थक इंग्रजी चिन्हे. उर्दूचेही तेच. १९९० नंतरच्या दशकात इनपेजने नस्तालिक अक्षरांची छपाई सुलभ केली, पण त्याच्या जुन्या फायली इतरत्र सहजी उघडत नाहीत. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि जगातील लिप्यांना स्वतःचे आकडे मिळू लागले. तेथे 'क'चा आकडा २३२५ आहे, आणि तो सर्व यंत्रांवर 'क'च राहतो. आपल्या घरी वा संस्थेत जुन्या टंकांतील लेख, कविता, इतिवृत्ते पडून असतील तर ती आजच युनिकोडमध्ये आणून घ्यावीत. करार जाणणारे लोक आहेत तोवरच हे काम सोपे आहे.

ही भीती पोकळ नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने देशाच्या जमिनींची नोंद चर्मपत्रावर करविली. ती आजही वाचता येते. तिच्या ९०० व्या वर्षी, १९८६ साली, बीबीसीने दहा लाख लोकांच्या साहाय्याने नवी नोंद खास तबकड्यांवर केली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि मजकूर सोडविण्यासाठी संशोधकांना कष्ट घ्यावे लागले.

शेवटी पालकांना एक इशारा. फायलीचा प्रकार न पाहणे महागात पडते. ४ मे २००० रोजी 'लव्ह लेटर' नावाची एक फाईल ई-मेलने जगभर पसरली. नावात 'टीएक्सटी' होते, पण त्यापुढे दुसरा ठिपका आणि 'व्हीबीएस' ही अक्षरे होती. विंडोज ती शेवटची अक्षरे सहसा लपवीत असे. लोकांनी पत्र समजून आज्ञावली उघडली आणि लक्षावधी संगणक बाधित झाले. २०२४ साली आपल्याकडे हाच डाव नव्या रूपात आला. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाईल येऊ लागली आणि पोलिसांना इशारे द्यावे लागले. एपीके म्हणजे मोबाईलमध्ये बसविण्याचा प्रोग्रॅम. पत्रिका कधीही एपीके नसते. ती जेपीजी, पीडीएफ किंवा फार तर चित्रफीत असेल. 'एक्सई' या फायलीचेही तसेच. अशी फाईल ओळखीच्या क्रमांकावरून आली तरी उघडू नये. आधी फोन करून विचारावे.

तेव्हा वाचकहो, आज घरी गेल्यावर मुलांना जवळ बसवा आणि मोबाईलमधील फायली एकदा एकत्र पाहा. दाखले पीडीएफमध्ये आहेत काय, मूळ छायाचित्रे राखली आहेत काय, प्रत्येक महत्त्वाच्या फायलीची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी आहे काय, हे तपासा. फाईलला मुलाचे नाव, इयत्ता आणि साल लिहा. आपल्या पूर्वजांचे रुमाल वाचण्यासाठी आज आपल्याला जाणकार शोधावे लागतात. आपल्या नातवंडांवर आपले कागद वाचण्यासाठी तशी वेळ येऊ नये, एवढी काळजी आपल्या हाती आहे.