माळ्यावरचं मिरज

कोगनोळीत महामार्ग आहे, टोलनाका आहे, अलीकडं कर्नाटक आणि पलीकडं कागल आहे. रूळ मात्र नाहीत. निपाणीलाही नाहीत. गाडी पकडायची तर कोल्हापूर गाठायचं, नाहीतर चिकोडी रोड. अशा गावात जुन्या घराच्या माळ्यावर कुणी छोट्या प्रतिकृती-रेल्वेचा मोठा लेआउट बांधायला घेतला, तर पैसा आणि जागा यांच्याआधी एक प्रश्न उभा राहतो: माप कुणाचं धरायचं? या छंदाचा मागोवा म्हणजे मुळात मापाचाच मागोवा आहे.

१८९१ साली कोल्हापूर-मिरज हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. त्याच वर्षी जर्मनीत, लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत, मर्कलिन या खेळणीवाल्यांनी ठरावीक रुंदीचे रूळ मांडले. त्याआधीही पत्र्याच्या, किल्लीच्या आणि फरशीवर पाणी गाळत पळणाऱ्या वाफेच्या गाड्या होत्या. पण ज्याची गाडी त्याचं माप. मर्कलिननं गेजना क्रमांक दिले आणि विक्रीची युक्तीही काढली: आज इंजिन घ्या, पुढच्या वाढदिवसाला सांधा, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन. दुकानदाराच्या या हिशेबातूनच घरातला लेआउट वाढत गेला. हौस नंतरची.

मराठी घराण्यात ही गाडी लवकर आली, तीही जेवणाच्या टेबलावर. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीकडून चांदीची गाडी करवून घेतली. सात वाघिणी, प्रत्येकीवर सिंदिया नावाचं एकेक इंग्रजी अक्षर. पंगतीतून ती मद्य आणि चिरूट फिरवी. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चाले. मूळ गाव कण्हेरखेड असलेल्या घराण्याची ही ऐट जयविलास महालात आजही पाहायला मिळते. पण तिला लेआउट म्हणता येणार नाही. तिच्या वाटेवर गाव नाही, यार्ड नाही, वेळापत्रक नाही.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातली घरं आखडली आणि गाड्याही. १९२२ मध्ये बिंग या खेळणी कंपनीची टेबलावर मावणारी रेल्वे आली, १९३५ मध्ये ट्रिक्स आणि मर्कलिनच्या छोट्या विजेच्या गाड्या आल्या. ‘झिरो’ गेजचं अर्धं ते ‘हाफ झिरो’, म्हणजेच एचओ. प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालेलं लघुरेल्वे संग्रहालय याच मापाचं. तिथल्या छोट्या शहरात सर्कस आहे, डोंगर चढणारी गाडी आहे, मोटारीत बसून पाहायचा सिनेमा आहे. एका माणसाच्या चिकाटीनं उभं राहिलेलं ते शहर पाहताना मन भरून येतं. फक्त ते शहर आपलं नाही, एवढंच.

आपलं करायचं तर माप आडवं येतं. १६.५ मिलिमीटर हे युरोपच्या १,४३५ मिलिमीटर गेजचं लहान रूप. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. ८७ नं भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर जातं. म्हणजे तयार रूळ आणले की आपलं इंजिन अरुंद पायांवर उभं राहतं. लांबीचा हिशेब त्याहून निष्ठुर. कोल्हापूर ते मिरज सत्तेचाळीस किलोमीटर, म्हणजे माळ्यावर पाचशे चाळीस मीटर रूळ! जुना निळा डबा साधारण पंचवीस सेंटिमीटरचा होतो, म्हणून अठरा डब्यांच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला साडेचार मीटर फलाट हवा. तेव्हा मार्ग कापायचा, एकदोन स्टेशनं राखायची, बाकीच्या गाड्या भिंतीमागच्या लपत्या यार्डात उभ्या करायच्या. चढ शंभराला दोनपेक्षा जास्त नको. आणि बोर्ड हाताच्या पल्ल्याइतकाच रुंद, कारण घसरलेला डबा आपल्यालाच उचलायचा असतो. जुन्या माळ्यावरची धूळ आणि वाळवी यांचा बंदोबस्त आधी. लेआउट बांधणीची पुस्तकं परदेशी असल्यानं त्यांत वाळवीला फारशी जागा नसते.

माझं मत विचाराल तर कोगनोळीच्या माळ्यावर मिरज जंक्शनच बांधावं. १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज तिथं पोचलं, बेळगाव-लोंढ्याकडं नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज होतं, आणि कुर्डुवाडी-पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गेजची गाडी येत होती. तीन गेज, एक गाव. गंमत अशी की युरोपच्या डोंगरी गाड्यांसाठी १:८७ मध्येच १२ आणि ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. त्या प्रमाणात आपलं मीटरगेज साडेअकरा आणि बार्शी लाइट पावणेनऊ मिलिमीटरचं होतं. जवळजवळ बसतात. हट्टानं हातानं घडवायचं ते फक्त ब्रॉडगेज.

आता मिरजेत सगळंच ब्रॉडगेज आहे. ज्यांनी ते तीन गेजांचं यार्ड पाहिलंय, तिथं नोकरी केलीय, त्यांनी कुठला फलाट कुठं होता, सांधे कुठं होते, माल एका वाघिणीतून दुसरीत कुठं चढवत, हे एका कागदावर काढून ठेवावं. फोटो असतील तर मागं साल लिहावं. लेआउट बांधणाऱ्याला इंजिनं विकत मिळतील, हा नकाशा मिळणार नाही.