चोरटा चित्रपट आणि त्याचा प्रेक्षक

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे मूळचे सोलापूरचे. जपानशीं झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ सालीं हिंदुस्थानांतून जें वैद्यकीय पथक गेलें त्यांत ते होते, आणि १९४२ सालीं तिकडेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या चरित्रावर व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला व नायकाची भूमिकाहि स्वतःच केली. त्यानंतर बरोबर सत्तर वर्षांनीं, २९ एप्रिल २०१६ रोजीं, ‘सैराट’ पडद्यावर आला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांतल्या जेऊरचे, आणि चित्रपटांत दिसणारी रानें, विहिरी व रस्ते पुष्कळसे त्याच तालुक्यांतले. सोलापूरशीं नातें सांगणारे हे दोन चित्रपट आज घरबसल्या मोबाइलच्या पडद्यावर पाहतां येतात. कायदा मात्र त्यांना एका मापानें मोजीत नाहीं. हा भेद समजून घ्यावयाचा तर चित्रपटाच्या मालकीचा इतिहास थोडा उलगडला पाहिजे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं लोकांपुढें आला, आणि हिंदुस्थानचा ग्रंथस्वामित्वाचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा झाला १९१४ सालीं. तो विलायतेतील १९११ च्या कायद्यावरून बेतलेला होता आणि त्याच्या डोळ्यांपुढें होतीं पुस्तकें, नाटकें, चित्रें. हलत्या चित्राला त्यांत स्वतंत्र आसन नव्हतें. कधीं नाटक म्हणून तर कधीं छायाचित्रांची माळ म्हणून त्यानें कडेला अंग चोरून बसावें, अशी स्थिति होती. १९१८ सालीं खास चित्रपटांसाठीं म्हणून जो कायदा झाला त्यानें परवाना व प्रमाणपत्र सक्तीचें केलें. सरकारला काळजी होती ती आगीची आणि नीतीची. त्या काळची फीत क्षणांत पेट घेई, हें ध्यानीं घेतलें तर पहिली काळजी अनाठायीं म्हणतां येत नाहीं. चोरीची काळजी कोणास फारशी नव्हती, कारण चोरी करणेंच अवघड होतें. पत्र्याच्या डब्यांतून रिळें आगगाडीनें येत, ठरलेले दिवस थिएटरांत फिरत आणि पुढच्या गांवीं जात. त्यांची नक्कल काढावयाची तर रसायनशाळा पाहिजे, यंत्रें पाहिजेत, भांडवल पाहिजे. चोराला एवढें भांडवल असतें तर त्यानें स्वतःचाच बोलपट काढला असता!

स्वातंत्र्यानंतर १९५७ सालीं नवा कॉपीराइट कायदा झाला व १९५८ च्या जानेवारींत अमलांत आला. त्यानें चित्रपटाला अखेर स्वतःचें नांव व स्वतःचा हक्क दिला. नक्कल काढणें, ती विकणें वा भाड्यानें देणें, लोकांस दाखविणें, हे अधिकार निर्मात्याचे ठरले. बघणाऱ्याचें नांव मात्र या यादींत कोठें नाहीं. प्रेक्षक हा या कायद्याच्या लेखीं जवळजवळ अदृश्य माणूस आहे, आणि पुढील साऱ्या हकीकतीचें मर्म येथेंच आहे.

१९८० नंतर व्हिडिओ कॅसेट आली आणि पत्र्याचा डबा हातांतल्या पुस्तकाएवढा झाला. टीव्ही व व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्यानें आणावेत, शेजारपाजाऱ्यांस बोलवावें आणि तीन-चार चित्रपट लागोपाठ पाहत पहांट करावी, हा शहरोशहरींच्या मध्यमवर्गाचा सण झाला. गल्लीबोळांतून व्हिडिओ पार्लर निघालीं. कॅसेट कोणी भरली, कोणाच्या परवानगीनें भरली, हें कोणी विचारीत नसे. १९८४ सालीं कायदा जागा झाला. कॅसेटवर निर्मात्याचें नांव-पत्ता व सेन्सॉरचें प्रमाणपत्र छापणें आवश्यक झालें. जाणूनबुजून हक्क मोडणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड ठरला. पाठोपाठ केबलची तार घरांत आली. २००२ सालीं जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या वेळीं परवान्यावांचून सामने दाखविणाऱ्या असंख्य केबलवाल्यांस एकेक गांठणें अशक्य झालें, तेव्हां दिल्ली हायकोर्टानें अज्ञात प्रतिवादींविरुद्ध मनाईहुकूम दिला. विलायतेंत अशा निनांवी प्रतिवादीस ‘जॉन डो’ म्हणत. इकडे त्याचें बारसें पुढें ‘अशोककुमार’ असें झालें. चोराला नटाचें नांव मिळालें, आणि तेंहि चित्रपटाच्याच दाव्यांत!

महाराष्ट्रानें तर याहून कडक पाऊल टाकलें. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अंमली पदार्थांचे गुन्हेगार व धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्यासाठीं जो १९८१ चा कायदा आहे, त्यांत २००९ सालीं ‘व्हिडिओ पायरेट’ हा नवा वर्ग घातला गेला. चित्रपटाची नक्कल विकणारा हातभट्टीवाल्याच्या पंगतीस बसला. धंदेवाईक टोळ्यांसाठीं कायद्याचा धाक असावा हें खरें; परंतु खटल्यावांचून माणसास बारा महिन्यांपर्यंत अडकवून ठेवण्याचा अधिकार कॅसेटी-तबकड्यांसाठीं वापरावा काय, ही शंका रास्तच म्हटली पाहिजे.

इतका धाक असूनहि ‘सैराट’ सुटला नाहीं. थिएटरांत गर्दी मावत नव्हती, तेव्हांच त्याची चोरटी प्रत इंटरनेटवर आली आणि मोबाइलांच्या मेमरी कार्डांतून गांवोगांव फिरूं लागली. चित्रपटानें तोंवरच्या कोणत्याहि मराठी चित्रपटापेक्षां अधिक पैसा मिळविला, म्हणून ती चोरी अनेकांस किरकोळ वाटली. पण जो मराठी चित्रपट दोनच आठवडे थिएटरांत टिकतो, त्याला त्याच दोन आठवड्यांत खर्च भरून काढावयाचा असतो. त्याच्या बाबतींत अशी प्रत म्हणजे उभ्या पिकांत शिरलेलीं गुरें.

त्याच वर्षीं मुंबई हायकोर्टापुढें ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाचा दावा आला. निर्मात्यांनीं प्रदर्शनापूर्वींच शंभराहून अधिक दुवे बंद करण्याची मागणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनीं सरसकट संकेतस्थळें बंद करण्यास नकार दिला. प्रत्येक दुवा तपासून यादी सिद्ध करा, मगच हुकूम मिळेल, असा त्यांचा आग्रह होता. पुढें बंद केलेल्या पानांवर एक इशारा झळकूं लागला: येथील मजकूर पाहणें, उतरवून घेणें, दाखविणें वा त्याची नक्कल करणें हा गुन्हा असून तीन वर्षांची कैद व तीन लाख रुपये दंड होऊं शकतो. हा इशारा वाचून घरोघर घबराट उडाली. ऑगस्ट २०१६ मध्यें न्यायमूर्तींनीं तो दुरुस्त करावयास लावला. केवळ पाहणें हा गुन्हा नाहीं. परवानगीवांचून वाटणें, लोकांस दाखविणें, विकणें वा भाड्यानें देणें हा गुन्हा आहे, असें त्यांनीं स्पष्ट केलें. १९५७ च्या कायद्यांत जें शांतपणें लिहिलें होतें, तेंच साठ वर्षांनीं मोठ्यानें वाचून दाखवावें लागलें.

तरीहि घरांतला माणूस आपणांस वाटतो तितका नेहमींच निव्वळ प्रेक्षक नसतो. संकेतस्थळावर चालू असलेलें चित्र पाहतांना यंत्रांत जी क्षणिक नोंद होते, तिला २०१२ च्या दुरुस्तीनें वेगळें वागविलें आहे. उतरवून ठेवलेली प्रत ही नक्कलच. ‘खाजगी उपयोग’ या सवलतींत चोरीचा माल कितपत बसतो, हा वादाचा विषय आहे. टॉरेंटची गोष्ट आणखीच निराळी. त्यांत चित्रपटाचे तुकडे जसजसे घरीं येतात, तसतसे ते त्याच यंत्रांतून इतरांकडे जातहि राहतात. घेणारा आपसूकच वाटणारा होतो. आणि दोनशे माणसांच्या मोबाइल-गटांत ‘हा घ्या नवा पिक्चर’ म्हणून प्रत धाडणारे काका स्वतःस प्रेक्षक समजत असले, तरी कायदा त्यांना प्रदर्शक समजूं शकतो.

२०२३ सालीं चित्रपट-कायद्यांत झालेली दुरुस्ती याच वळणावर आहे. थिएटरांत चोरून चित्रण करणें आणि चोरट्या प्रतीचें नफ्यासाठीं जाहीर प्रदर्शन करणें यांस तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. दंड किमान तीन लाख रुपये, आणि तो चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या शेंकडा पांचपर्यंत वाढूं शकतो. नुसता पाहणारा याहि वेळीं बाहेरच राहिला.

यावर एक तक्रार नेहमीं ऐकूं येते: पैसे देऊनहि हवा तो मराठी चित्रपट सांपडत नाहीं, काल होता तो आज यादींतून नाहींसा होतो, परदेशीं गेलेल्या मुलांना तर ‘हा चित्रपट तुमच्या देशांत उपलब्ध नाहीं’ असें उत्तर मिळतें. तक्रार खोटी नाहीं. हक्क देशागणिक आणि मुदतीनें विकले जातात, म्हणून असें घडतें. रेडिओच्या श्रोत्यांना हें थोडें नवल वाटेल, कारण गाण्यांच्या बाबतींत नभोवाणीला कायद्यानें ठरलेला मोबदला भरून सक्तीचा परवाना मिळूं शकतो. इंटरनेटवरून मागणीप्रमाणें गाणीं ऐकविणाऱ्या एका कंपनीनें तोच मार्ग मागितला, तेव्हां मुंबई हायकोर्टानें एप्रिल २०१९ मध्यें तो नाकारला: ती सवलत रेडिओ व टीव्हीची आहे, इंटरनेटची नव्हे. तेथें प्रत्येक हक्कासाठीं मालकाशीं करारच केला पाहिजे.

चित्रपटाच्या हक्काची मुदत पूर्वीं पन्नास वर्षें होती, ती १९९२ सालीं साठ झाली. प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ती मोजतात. त्या हिशेबानें कोटणिसांच्या बोलपटावरचा हक्क २००६ सालच्या अखेरीस संपला. कथेचे वा गीतांचे वेगळे हक्क लेखकांच्या हयातीवरून मोजले जातात, तेवढें सांभाळून तो चित्रपट आज कोणींहि कोणासहि दाखवावा. ‘सैराट’ची मुदत २०७६ सालच्या डिसेंबर अखेरपर्यंत आहे.