परक्या निशाणाखाली

ऑगस्ट 1942. तुम्ही नागपुरात सीताबर्डीवर उभे आहात. तारा तुटल्यात, पोस्टाच्या कचेऱ्या जळल्यात, शहरात लष्कर उतरलंय. चिमूर आणि आष्टीच्या उठावाच्या बातम्या माणसं दबक्या आवाजात एकमेकांना सांगताहेत. या शहराने 1923 मध्ये झेंडा सत्याग्रहात तुरुंग भरले होते. डोक्यावर कोणाचं निशाण फडकतं याला किती अर्थ असतो, हे नागपूरला कोणी शिकवायला नको.

आता तीन महिने पुढे या, आणि थेट हिंदी महासागरात. 11 नोव्हेंबर, दुपार व्हायला आलीय. कोकोस बेटांच्या नैऋत्येला पायाखालचं डेक हेलकावतंय. ही 'बंगाल', रॉयल इंडियन नेव्हीची नवीकोरी युद्धनौका. लांबी जेमतेम 57 मीटर. सिडनीत बांधलेली, मुळात समुद्रातले सुरुंग काढण्यासाठी. पण पाणबुड्या आणि लुटारू जहाजांच्या या दिवसांत तिच्यावर व्यापारी जहाजांच्या राखणीचं काम आलंय. ती आरमारात दाखल झाली 8 ऑगस्टला. त्याच दिवशी मुंबईत गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव मंजूर होत होता.

मागे वळून पाहा. निशाण ब्रिटिशांचं. कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सनही ब्रिटिश. खलाशी मात्र हिंदी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची कोकणी मुसलमान घराणी या दलाला पिढ्यान्‌पिढ्या माणसं देत आलीत; युद्धात पंजाबपासून दक्षिणेपर्यंतची पोरं त्यांच्यात मिसळलीत. सोबत चाललाय 'ओंदिना', अबादानला तेल भरायला निघालेला डच टँकर.

क्षितिजावर एक जहाज दिसतं, मग दुसरं. जपानी. 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू', प्रत्येकी दहा हजार टनांच्या वर, 5.5 इंची तोफांनी सजलेली, वेगाने तुमच्यापेक्षा कितीतरी सरस. 'बंगाल'च्या नाळेवर एकच तोफ आहे.

विल्सन 'ओंदिना'ला निसटून जायला सांगतो आणि आपली नौका शत्रूवर वळवतो. टँकरला वेळ मिळावा म्हणून छोटी नौका आडवी जाते. तुमच्या शेजारचा तोफची गोळा भरतो, मान वर न करता. आजूबाजूला पाण्याचे खांब उसळताहेत. 'ओंदिना'ही पळत नाही; आपल्या मागच्या तोफेने मारा सुरू करते.

आणि 'होकोकू मारू'च्या पाठीमागच्या भागात आग लागते. काही वेळात प्रचंड स्फोट होतो आणि ते जहाज बुडतं. गोळा 'बंगाल'चा की 'ओंदिना'चा, यावर पुढे खूप वाद झाला. डेकवर त्या घडीला कोणाला तो प्रश्न सुचत नाही. दुसरं जहाज अजून आग ओकतंय.

दारूगोळा संपत आलाय, नौकेला मार बसलाय. 'बंगाल' दूर होते. मागे 'ओंदिना' जळताना दिसते. ती गेलीच, असं सगळे धरून चालतात. तिचा कप्तान विलेम हॉर्समन मारला गेलाय, तिला टॉर्पेडो लागलेत. पण रिकाम्या टाक्या तिला तरंगत ठेवतात. उरलेली माणसं होड्यांतून परत चढतात, आग विझवतात आणि आठवड्याभराने फ्रीमँटल गाठतात. तोवर 'बंगाल'ने दिएगो गार्सिया गाठलेलं असतं.

आणखी पुढे चला. फेब्रुवारी 1946, मुंबई बंदर. याच दलातले खलाशी बंड करून उठलेत, जहाजांवरची ब्रिटिश निशाणं उतरवून काँग्रेसचे, मुस्लिम लीगचे आणि कम्युनिस्टांचे झेंडे चढवताहेत. 26 जानेवारी 1950 पासून 'बंगाल' भारतीय प्रजासत्ताकाची होते. तिच्या निशाणाच्या कोपऱ्यात तिरंगा येतो. 1960 मध्ये ती मोडीत निघते.

आता नागपूरला परत या आणि शाळेच्या पुस्तकात हे शोधा. चिमूर-आष्टी सापडेल, सापडायलाच हवं. पण त्याच वर्षी भर समुद्रात एका तोफेनिशी टँकरसाठी आडवे गेलेले हिंदी खलाशीही आपलेच होते. त्यांच्यावरचं निशाण परकं होतं, हिंमत परकी नव्हती. निशाण बदलण्यासाठी झटलेल्यांचा मान आपण राखतो. ते बदलेपर्यंत कर्तव्यात कसूर न केलेल्यांचाही राखला पाहिजे. दोघांनाही एकाच पानावर जागा द्यायला आपण शिकलो, तर 1942 आपल्याला पुरतं कळेल.